गावाकडच्या घराला बॅकअप: इन्व्हर्टर, जनरेटर की सोलर?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई-आबा गावी. गाव अंबाजोगाई तालुक्यात, डोंगराच्या कडेला. घर मागं जुनं माळवदाचं, पुढं स्लॅबच्या दोन खोल्या आणि त्यावर पत्र्याची एक, जिच्यात सगळी अडगळ.

उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन तास लाईट जाते, संध्याकाळी परत तासभर. अवकाळीचं वारं सुटलं की रात्रभर नाही. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर दोन-तीन दिवस नावच काढायचं नाही. आणि लाईट असते तेव्हाही संध्याकाळी पंखा फिरतोय की नुसता हलतोय, हे खाली उभं राहून बघावं लागतं.

आईला शुगर आहे, इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. आबांना उकाडा सोसत नाही. घरात तीन पंखे, पाच-सहा एलईडी, टीव्ही, वायफाय, फ्रीज, लोखंडी कूलर आणि बोअरची दीड एचपीची मोटर.

आतापर्यंत तीन सल्ले मिळालेत. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, २ केव्हीएचं इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या टाका, डोक्याला ताप नको. मेव्हणे म्हणतात जनरेटर घे, बोअरही चालेल. आणि गावात सोलरचा एक एजंट फिरतोय, 'सरकार ७८ हजार देतंय, बिल झिरो, गावाची लाईट गेली तरी तुमची चालूच.' बजेट ४० हजार. फारच गरज पडली तर ५०. काय करावं?

ज्वारीची_भाकर

अंगणात बाजलं टाका. शून्य वॅट, आजीवन वॉरंटी.

तेरणाकाठची

आणि विंचू आला की कुणाच्या सर्व्हिस सेंटरला फोन करायचा ते पण सांगा. 😄

फेज_न्यूट्रल

बालाघाटी, लाईट किती वेळ जाते ते सांगितलंत. आता असते तेव्हा सलग किती तास असते आणि किती व्होल्टची असते, ते सांगा. आपल्याकडं सगळा खेळ तिथं आहे. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून लोक बॅकअपचे तास मोजत बसतात. आपण आधी चार्जिंगचे तास मोजायचे.

१२ व्होल्टचं साधं इन्व्हर्टर बॅटरीला १० ते १५ अँपिअरनं चार्ज करतं. १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) बॅटरीतून समजा ९० एएच काढले. परत भरताना तोट्यासकट शंभराच्या वर घालावे लागतात. १२ अँपिअरनं धरलं तरी नऊ तास झाले, आणि शेवटी शेवटी ती आणखी सावकाश भरते. दिवसाला पाच तासच धड लाईट मिळत असेल तर ती बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि चार-पाच वर्षं जायला हवी ती दोन उन्हाळ्यांत बसते. दुकानदार मग आणखी मोठी विकतो. ती तर त्याहून भरत नाही.

शेजारी आयटीआयचं पोरगं असेल तर मल्टीमीटर लावून संध्याकाळी, रात्री आणि पहाटे मोजून घ्या.

दुधनाकाठ

आवो जनरेटरच घ्या. आमच्याकडं लाईट अशी जायलीय की इन्व्हर्टरला दम धरायला टाईमच मिळंना. चार म्हशी, कडबाकुट्टी दोन एचपीची, पाणी शेंदायचं म्हणलं तर मोटर. दोरी वढली की सगळं चालू. पेट्रोल जातंय, पण काम तर होतंय ना.

फेज_न्यूट्रल

दुधनाकाठ भाऊ, तुमच्या घराला जनरेटरच बरोबर. मोटर आणि कुट्टी चालवायची तर बॅटरीचा हिशेब बसतच नाही. पण बालाघाटींच्या घरी सत्तरीतले आबा दोरी ओढणार का? रात्री दोनला लाईट गेली तर? छोटं मशीनसुद्धा भारावर तासाला लिटरच्या आगेमागे पेट्रोल पितं, आणि शेजारी झोपू देत नाहीत ते वेगळंच.

दीड एचपीच्या मोटरचंही ऐका. दीड एचपी म्हणजे ११०० वॅटच्या वर, आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट-चौपट ओढते. तिच्यासाठी जनरेटर घ्यायचा म्हणजे मोठाच घ्यावा लागेल. त्यापेक्षा लाईट असताना टाकी भरून ठेवा. हजार लिटरची टाकी हा पाण्याचा बॅकअप, तिला चार्जिंग लागत नाही.

आणि जनरेटरवाल्या सगळ्यांना हात जोडून सांगतो. दोन्हीकडं पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये करंट सोडायचा उद्योग करू नका. मेन स्विच पाडायचा विसरलात तर तुमचे २३० व्होल्ट उलटे डीपीत जातात आणि पलीकडं ११ हजार होऊन निघतात. तिथं लाईन बंद आहे समजून खांबावर माणूस चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच लावा, म्हणजे एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच घराला जोडलं जातं. तो काही लाखाचा नसतो. मशीन ओसरीत, गोठ्यात किंवा खिडकीखाली ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही.

दुधनाकाठ

ते दोन पिनवाली वायर आमच्या आख्ख्या आळीत हाय. उद्याच काढाय लावतो. 🙏

पूर्णाथडी

एजंटचं शेवटचं वाक्य सोडून बाकी बरोबर आहे. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८ हजार अनुदान मिळतं. योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. पण त्यात साधारणपणे बसवतात ते ऑन-ग्रिड, म्हणजे गावच्या लाईनला जोडलेलं, बिनबॅटरीचं सोलर. लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. कारण तेच, फेज_न्यूट्रल यांनी आत्ता सांगितलेलं. खांबावरच्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी सक्तीच आहे.

आमच्या परभणीच्या कॉलनीत मेच्या दुपारी छतावर पॅनल लखलखतायत आणि खाली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेतायत, हे दृश्य नेहमीचं. घेताना कुणी विचारलेलंच नसतं.

लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ते बजेट ४० हजारांचं नाही. लाईनपासून वेगळं, पूर्ण ऑफ-ग्रिड केलं तर हे अनुदान नाही. शिवाय एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट बनवतं. आई-आबांचं बिल महिन्याला किती येतं? तीन-चारशे येत असेल तर ३ किलोवॅट कशासाठी? ७८ हजार मिळतात म्हणून? उरलेले पैसे तर खिशातूनच जाणार.

बालाघाटी

बिल साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे सोलरचा विषय तूर्त बाजूला.

व्होल्टेज मोजून घेतलं. संध्याकाळी सातला १६५ ते १७०. रात्री अकरानंतर २१५-२२०. पहाटे २४० च्या वर. वादळाच्या रात्री सोडल्या तर अकरा ते सकाळी आठ लाईट सहसा जात नाही.

फेज_न्यूट्रल

मग काम सोपं झालं. रात्री अकरा ते आठ म्हणजे नऊ तास सलग आणि व्होल्टेज चांगलं. एक बॅटरी रोज भरेल.

आता तो १७० चा मामला. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं. यूपीएस मोडवर असेल तर व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर समजतं लाईट गेली, आणि बॅटरीवर जातं. म्हणजे संध्याकाळी गावात लाईट, तुमच्याकडंही लाईट, आणि तुमची बॅटरी गुपचूप उतरत असते. नऊला खरंच लाईट गेली की अर्ध्या तासात टूंऽ टूंऽ. मग म्हणायचं, बॅटरी बोगस लागली. निम्म्या तक्रारींचं मूळ हे बटण आहे.

दुसरा मोड असतो, त्याला कुणी नॉर्मल म्हणतं, कुणी वाइड. त्यात साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत इन्व्हर्टर लाईनवरच राहतं. लाईट गेल्यावर बदलायला त्याला यूपीएस मोडपेक्षा जरा जास्त वेळ लागतो, पण तोही मिलिसेकंदांतच. डेस्कटॉप कॉम्प्युटर कदाचित बंद होऊन चालू होईल. पंख्याला, बल्बला काही कळत नाही. गावाकडं वाइडच ठेवा.

दुसरी गोष्ट: बॅटरी वाढवायच्या आधी पंखे बदला. साधा पंखा ७५ वॅट खातो आणि १७० व्होल्टला रडत फिरतो. बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी मोटरचा) पंखा २८ ते ३५ वॅट घेतो, आणि आत त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय असल्यामुळं व्होल्टेज पडलं तरी वेग तोच राहतो. आबांचा निम्मा उकाडा लाईट असतानाच कमी होईल.

हिशेब असा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी सत्तर टक्क्यांच्या वर उतरवायची नाही. त्यात इन्व्हर्टर वीसेक टक्के खातं. हातात राहतात हजार. (डब्यावरचे १५० सुद्धा २० तासांत हळूहळू काढले तर मिळतात. घाईनं काढाल तर त्याहून कमी.)

तीन साधे पंखे २२५, बल्ब ४०, टीव्ही ७०, वायफाय १०. झाले ३४५ वॅट, तीन तासांच्या आतच खेळ खलास. तेच तीन बीएलडीसी शंभर वॅटमध्ये बसतात, एकूण २२०, साडेचार तास. रात्री टीव्ही बंद, दोन पंखे, एक बल्ब आणि वायफाय मिळून ९० वॅट धरा. अकरा तास. म्हणजे वादळाची रात्र निघाली.

तीन पंख्यांना आठ-नऊ हजार लागतील. दुसरी बॅटरी त्याहून महाग, आणि पाचेक वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागणारच.

ज्वारीची_भाकर

बीएलडीसीला रिमोट असतो. आमच्या अण्णांनी तो टीव्हीचा समजून बॅटरीचे सेल काढून घड्याळात टाकले.

तेरणाकाठची

भिंतीवरच्या बटणानं वेग बदलतो असे मॉडेल मिळतात, ते बघून घ्या. रिमोट दोरीनं खिळ्याला बांधणे हा दुसरा उपाय. आमच्याकडं तोच चालू आहे.

आता इन्सुलिनचं. मी नर्स आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दार उघडलं नाही तर फ्रीजचा गारवा चार तास टिकतो. दुपारी दोन-तीन तास लाईट गेली तर इन्सुलिनला काहीही होत नाही. फक्त 'बघू बरं गार आहे का' म्हणून दर वीस मिनिटांनी दार उघडायचं नाही. फ्रीजच्या दारावर कागद चिकटवा, आणि पाण्याच्या बाटल्या माठात हलवा.

न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत लागतात. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर चालतं. प्रत्येक इन्सुलिनचं थोडं वेगळं असतं, आतला कागद वाचा, डॉक्टरांना एकदा विचारा. अडचण अशी की मे महिन्यात आपल्या घरात ३० अंश असतात कुठं? तेव्हा जुनी युक्ती. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात झाकणाच्या डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. हवा कोरडी असते तोवर चांगला गारवा राहतो. पावसाळ्यात दमट हवेला तेवढा नाही राहत. ठेवायचं माळवदाच्या खोलीत. स्लॅबची खोली दुपारनंतर भट्टी होते.

बर्फाला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नाही, फेकायचं.

दोन-तीन दिवस लाईट नाही अशी वेळ आली तर तालुक्याला ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवायची सोय आधीच बोलून ठेवा. दिवस उजाडल्यावर धावपळ नको.

फेज_न्यूट्रल

ताई, हे आम्हाला कुणालाच सुचलं नसतं. फ्रीज बॅकअपवर घ्यायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा: चालताना तो दीड-दोनशे वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट उसळी मारतो. ९०० व्हीएवर जुना फ्रीज ट्रिप होऊ शकतो, म्हणून ११०० व्हीए घ्या. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हे, साधारण सातशेच्या आसपास वॅट. बॉक्सवर व्हीए मोठ्या अक्षरात छापतात आणि वॅट बारीक अक्षरात. बारीक अक्षर वाचा.

साइन वेव्हच घ्या, म्हणजे लाईनसारखाच करंट देणारं इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्ह थोडं स्वस्त पडतं, पण पंखे घूं-घूं करतात आणि फ्रीजची मोटर तापते.

कूलर मात्र विसरा. मोठा लोखंडी कूलर दोनशे वॅटपर्यंत जातो. एकट्यानं बॅटरी पाच तासांत झोपवेल.

सागवान_किनवट

लिथियमबद्दल कुणीच बोलेना? आमच्याकडं जंगलातून लाईन येते, झाड पडलं की गेली. सलग लाईट चार-पाच तास, त्यात मी ट्युब्युलर (पाणी घालायची नेहमीची लेड-अ‍ॅसिड) घेऊन काय करणार होतो? लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्ट १०० एएच. कागदावर १२८० वॅट-तास, पण ८०-९० टक्के वापरता येतात, म्हणजे काम १५० च्या ट्युब्युलरएवढंच. अर्धवट भरली तरी तिला काही होत नाही, जोरात चार्ज होते, पाणी घालायला नको. महाग आहे, नाही म्हणत नाही. इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग आहे का ते आधी बघा. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडून देणारे पण भेटतात.

फेज_न्यूट्रल

चार-पाच तास लाईटला लिथियम, नऊ तासांना ट्युब्युलर. सागवान यांनी घेतली ती त्यांच्या गावाला बरोबर आहे. बालाघाटींना लिथियमचे जादा पैसे घालायची गरज दिसत नाही.

मांजराकाठ

अवांतर: परळीची धुराडी आम्हाला गच्चीवरून दिसतात आणि अंधारात आम्हीच. २०१३ च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. मराठवाड्यानं कोळशालाही पाणी पाजायचं आणि स्वतःलाही.

फेज_न्यूट्रल

मांजराकाठ, खरंय. पण गावातली लाईट जाते ती बहुतेक वेळा वीज बनत नाही म्हणून नाही. वाऱ्यानं ११ केव्हीची तार झाडाला लागते, इन्सुलेटर फुटतो, डीपीवर भार जास्त होतो. परळी फुल चालली तरी तुमच्या डीपीचा फ्यूज उडायचा तो उडणारच. म्हणून बॅकअप घरातच लागतो.

जुना_मोंढा

मी धंद्यातलाच आहे, इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. माझ्याच पोटावर पाय देणारं थोडं सांगतो.

बॅटरी घेताना तीन गोष्टी बघा. बनवल्याचा महिना: कोड असतो, दुकानदाराला फोडून सांगायला लावा. सहा-आठ महिने चार्ज न करता पडलेली बॅटरी नवी नसते. दुसरं, वजन. चांगली उंच ट्युब्युलर १५० एएच पाण्यासकट पन्नास किलोच्या वर भरते. एकट्यानं सहज उचलून गाडीत टाकली तर आत शिसं कमी आहे. तिसरं, हायड्रोमीटर (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) लावायला सांगा. पूर्ण चार्ज बॅटरीत साधारण १.२४० दाखवतो, आणि सहाही सेल एकसारखे पाहिजेत. एखादा सेल मागं असेल तर ती बॅटरी तिथंच ठेवा.

वॉरंटी '३६ अधिक २४' म्हणतात तेव्हा पहिले ३६ महिने बदलून मिळते. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर थोडी सूट, बस. लोक साठ महिने धरून बसतात आणि मग माझ्याशी भांडतात. कार्डावर तारीख आणि शिक्का दुकानातून निघायच्या आधी घ्या.

ती २ केव्हीएची गोष्ट. त्याला बहुधा २४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. एक कमजोर झाली की दुसरीलाही ओढते, म्हणून बदलायच्या वेळी दोन्ही बदलाव्या लागतात. दुकानदाराला ते का आवडतं ते समजलं असेलच.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. ती रस्त्यावर फोडून अ‍ॅसिड नालीत सोडतात. दुकानात परत द्या, पैसे वजा होतात. २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

बालाघाटी

मोंढासाहेब, दुकान अंबाजोगाईत असतं तर उद्याच आलो असतो.

बॅटरी ठेवायची कुठं? वरच्या पत्र्याच्या खोलीत अडगळीशेजारी जागा आहे, वायरमन म्हणतो तिथंच टाकू, घरात अडगळ नको.

जुना_मोंढा

अजिबात नको. पत्र्याखाली मे महिन्यात किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर न्याल तर तुमची दोन बॅटऱ्यांची हौस अशीच फिटेल.

फेज_न्यूट्रल

माळवदाच्या खोलीत ठेवा, साण्याच्या (छतातल्या झरोक्याच्या) खाली नाही पण जवळ. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो हलका असतो, वर जाऊन साण्यातून बाहेर पडतो. जुन्या माणसांनी धुरासाठी केलेली सोय कामाला येते. पावसाचं पाणी साण्यातून बॅटरीवर पडणार नाही एवढं बघा. देवघर, गॅसची टाकी, कपड्यांचं कपाट यांच्यापासून लांब. जिन्याखालच्या दार लावलेल्या कोनाड्यात तर नाहीच. टर्मिनल आवळताना हातातलं कडं आणि अंगठी काढायला सांगा. पाना दोन्ही टर्मिनलला लागला की ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

पाणी: दोन-अडीच महिन्यांनी, उन्हाळ्यात त्याआधीच, तरंगणारा निर्देशक बघायचा. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, आरओचं नाही, आणि 'ताकद यावी' म्हणून अ‍ॅसिड तर अजिबात नाही. आपल्या बोअरचं पाणी घागरीला पांढरा थर देतं, ते प्लेटांना काय देईल.

पूर्णाथडी

सोलर एकदम बाद करू नका हं. डीपी जळून दोन-तीन दिवस गेले तर रात्रीचे नऊ तासही मिळणार नाहीत. त्यासाठी पुढच्या वर्षी ३३५ वॅटचं एक पॅनल आणि सोलर चार्ज कंट्रोलर जोडता येतो, त्याच बॅटरीला. दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास मिळेल, म्हणजे दोन पंखे आणि बल्ब यांची रात्र भरून निघते. कंट्रोलर एमपीपीटी घ्या, तो पॅनलची पूर्ण ताकद काढून घेतो. हे मोठं पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या पीडब्ल्यूएमनं जोडलं तर निम्म्याहून जास्त ताकद फुकट जाते, आणि विकणारे सर्रास तेच देतात. धूळ पुसायला फडकं हाताशी असेल अशा ठिकाणी पॅनल लावा, आणि वानरांचा विचार करा.

दुधनाकाठ

वानरांचा इचार वानरंच करू देतात का? 😂

मांजराकाठ

आमच्याकडं एकदा खांबावरची न्यूट्रल तुटली आणि गल्लीतले सहा टीव्ही, दोन फ्रीज गेले. बॅकअपसोबत त्याचंही काही सांगा.

फेज_न्यूट्रल

बरं झालं काढलंत. न्यूट्रल तुटली की काही घरांत व्होल्टेज चारशेकडं सरकतं. साध्या एमसीबीला त्याचं काही कळत नाही, तो फक्त करंट बघतो. मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा, हजार-दीड हजारात काम होतं. फक्त खालची मर्यादा २०० वर ठेवू नका, नाहीतर बालाघाटींच्या घरी रोज संध्याकाळी तोच लाईट घालवेल. खाली १५० आणि वर २७० ठेवा. अर्थिंगही बघून घ्या. आपल्या काळ्या मातीला मेमध्ये भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो. आठवड्याला बादलीभर पाणी ओता. विजा कडकडायला लागल्या की टीव्ही आणि वायफायची पिन काढायची, त्याला कुठलंच यंत्र पर्याय नाही.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. ११०० व्हीए साइन वेव्ह, १५० एएचची एकच ट्युब्युलर, तीन बीएलडीसी पंखे, प्रोटेक्टर, वायरिंग. मोंढ्यात दोन ठिकाणी भाव विचारले, चाळीसच्या आत बसतंय. पॅनल पुढच्या वर्षी.

वायरमन म्हणतो सगळं घरच इन्व्हर्टरवर टाकू, वेगळी वायर ओढायला नको. आणि दिवाळीनंतर आई-आबा महिनाभर पुण्याला येतात, तेव्हा बॅटरीचं काय करायचं?

फेज_न्यूट्रल

वायरमनला म्हणावं, वेगळी फेज ओढायचे पैसे देतो, ओढ. सगळं घर टाकलं की कुणीतरी मिक्सर किंवा इस्त्री लावणारच, आणि ओव्हरलोड होऊन सगळाच अंधार. पंखे, बल्ब, टीव्ही-वायफायचा एक सॉकेट आणि हवा असेल तर फ्रीजचा, एवढंच इन्व्हर्टरच्या लाईनवर. त्या सॉकेटना लाल टेप लावा. बायपास स्विच मागून घ्या. इन्व्हर्टर बिघडलं तर तो फिरवला की घर सरळ लाईनवर येतं, नाहीतर गावात लाईट आणि आबा अंधारात, वायरमन लग्नाला गेलेला. आबांच्या हातून दोन-तीनदा फिरवून घ्या.

पुण्याला निघताना डिस्टिल्ड वॉटर बघायचं, इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करायचं, पण मेन चालू ठेवायचा. चार्जिंग सुरू राहतं. मेनच पाडला तर महिनाभरात बॅटरी आपोआप उतरत जाते. फ्रीज रिकामा करून बंद करा, इन्सुलिन सोबत न्या, आणि किल्ली त्या आयटीआयवाल्या पोराकडं द्या.